मऊ सच्छिद्र पदार्थांतला पाण्याचा दाब आणि प्रवाह : कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना नेहमी पडणारे प्रश्न

पंचगंगेचा काठ, शिरोळची क्षारपड जमीन, साखर कारखान्यातली प्रेसमडची, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाची, लादी, गुडघ्यातली कूर्चा. या सगळ्यांवर प्रोजेक्ट करणारी मुलं वेगवेगळ्या शाखांतली असतात, पण अडतात मात्र एकाच जागी. सिव्हिल, मेकॅनिकल, फिजिक्स, फूड टेक्नॉलॉजी असा भेद न करता ते प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत. वाचताना वही आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

हा विषय नेमका कशाचा आहे?

घन पदार्थाचं मऊ जाळं आणि त्याच्या छिद्रांत अडकलेलं पाणी, अशी ही जोडी आहे. वरून भार टाकला की जाळं दबू पाहतं, पण छिद्रातलं पाणी दबत नाही. ते बाहेर पडेपर्यंत भार पाण्याच्या दाबानं पेलला जातो. यालाच वर्गात पोअर प्रेशर म्हणतात, आपण छिद्रदाब म्हणू. पाणी निचरत जातं तसा छिद्रदाब उतरतो, भार जाळ्यावर सरकतो आणि पदार्थ खचतो. म्हणजे दाब, प्रवाह आणि आकारबदल या तीन गोष्टी एकमेकींना धरून चालतात. मॉडेल करायचं म्हणजे हे धरून चालणं गणितात उतरवायचं.

घरात हे बघायचं असेल तर चक्का टांगलेला बघा. दही फडक्यात बांधलं की पहिल्या तासात निवळी भराभर गळते, मग थेंब थेंब आणि शेवटी जवळजवळ काहीच नाही. दही तेच, फडकं तेच, तरी वेग मंदावतो. का मंदावतो, याचं उत्तर पुढं येईल.

सर, फक्त झिरप सोडवली आणि विकृती, म्हणजे आकारबदल, नंतर काढली तर नाही का चालणार?

वाळूत बहुतेक वेळा चालतं. वाळूतून पाणी इतक्या लवकर निघून जातं की दाब आणि आकारबदल यांची गाठ पडतच नाही. चिकणमाती, कूर्चा, चक्का, प्रेसमड यांत चालत नाही. तिथं भार बदलल्या क्षणी छिद्रदाब बदलतो, पाण्याचा एक थेंबही हललेला नसताना. नुसत्या झिरपीच्या समीकरणाला हे ठाऊकच नसतं.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी काय करू?

एक गुणाकार आणि एक भागाकार. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची आकडेमोड हीच. ती न करता फायनाइट एलिमेंटच्या मेशकडे (पदार्थाचे लहान घटक पाडलेल्या जाळीकडे) धावणारा विद्यार्थी बहुधा महिनाभर भलत्याच वेळेच्या पट्टीवर काम करत राहतो.

निचऱ्याला लागणारा वेळ ≈ (निचऱ्याचं अंतर × तेच अंतर) ÷ कन्सॉलिडेशन गुणांक

कन्सॉलिडेशन म्हणजे पाणी निचरत पदार्थ खचत जाणं. त्याचा गुणांक म्हणजे पारगम्यता (पाणी किती सहज वाट काढतं ते) गुणिले जाळ्याचा ताठपणा. उदाहरणादाखल एक मऊ चिकणमाती घ्या. हायड्रॉलिक कंडक्टिव्हिटी, म्हणजे सिव्हिलवाल्यांची पारगम्यता, सेकंदाला १० चा उणे ९ घात मीटर. पाण्याच्या विशिष्ट वजनानं, म्हणजे ९८१० नं भागा. साधारण १० चा उणे १३ घात येतो. ताठपणा ३ लाख पास्कल धरा आणि गुणा. गुणांक आला सेकंदाला ३ गुणिले १० चा उणे ८ घात चौरस मीटर. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात, म्हणजे वर्षाला जवळपास १ चौरस मीटर.

आता याच मातीचा प्रयोगशाळेतला नमुना पाहा. जाडी २० मिलिमीटर, पाणी वरून आणि खालून निघतं, म्हणून निचऱ्याचं अंतर १० मिलिमीटर. वेळ येतो ३३०० सेकंदांच्या आसपास, तासाभराच्या आत. तोच थर जमिनीत २ मीटर जाड असेल आणि पाणी एकाच बाजूनं निघत असेल तर? ४ वर्षं. माती तीच, पाणी तेच. अंतराचा वर्ग झाल्यामुळं तास वर्षांवर गेला. चक्क्यातली निवळीही या वर्गामुळंच रेंगाळते: फडक्यालगतची पहिली निघते, आतलीला लांबून यावं लागतं.

समीकरणं कोणाची आणि किती?

तीन नावं लक्षात ठेवा. हेन्री डार्सी यांनी फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूच्या नळकांड्यांवर प्रयोग केले आणि १८५६ मध्ये प्रवाहाचा नियम मांडला: दाबाचा उतार जितका तीव्र, तितका प्रवाह जास्त. कार्ल टर्झागी यांनी १९२३ मध्ये एका दिशेतल्या कन्सॉलिडेशनचं समीकरण दिलं आणि इफेक्टिव्ह स्ट्रेसची कल्पना रुजवली: एकूण ताणातून छिद्रदाब वजा केला की उरतो तो जाळ्यावरचा ताण, आणि माती ऐकते फक्त त्याचंच. मॉरिस बायोट यांनी १९४१ मध्ये हे तिन्ही दिशांत नेलं.

सोडवायची समीकरणं दोनच. एक बलांच्या समतोलाचं, दुसरं पाण्याच्या जमाखर्चाचं. पहिल्यात छिद्रदाब येतो, दुसऱ्यात जाळ्याचं आकारमान किती वेगानं बदलतंय ते येतं. दोन्ही एकमेकांत गुंफलेली आहेत ती या दोन पदांमुळं.

बायोट गुणांक किती घेऊ?

इफेक्टिव्ह स्ट्रेस काढताना छिद्रदाब वजा करण्याआधी त्याला ज्या आकड्यानं गुणतात तो हा गुणांक. माती, कूर्चा, चक्का: १. खडकात तो १ पेक्षा कमी असतो, कारण तिथं कणांचा ताठपणा आणि सांगाड्याचा ताठपणा यांत फार अंतर नसतं.

पूर चढताना काठ टिकतो आणि ओसरताना ढासळतो. हे मॉडेलमध्ये कसं दाखवायचं?

कोल्हापुरात हा विषय शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सगळ्यांचं लक्ष पाणी चढतं कधी याकडे असतं. काठावरच्या रानाला मात्र पुढचे दिवसही कठीण जातात.

चढलेलं पाणी काठाला दोन गोष्टी करतं. मातीत मुरून छिद्रदाब वाढवतं, आणि बाहेरून रेटा देऊन काठाला आधारही देतं. पाणी उतरलं की आधार लगेच जातो. पोटातला दाब तेवढ्या लवकर जात नाही. वरचाच गुणांक घ्या, वर्षाला १ चौरस मीटर. चार दिवसांत पाणी खाली गेलं तर त्या चार दिवसांत निचरा किती खोलवर पोचतो? गुणांक गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ: सुमारे १० सेंटिमीटर. काठाची वीतभरही जाडी मोकळी झालेली नसते. दुसरीकडं ३ मीटर पाणी उतरलं म्हणजे बाहेरचा सुमारे ३० किलोपास्कल दाब गेला. मऊ चिकणमातीची निचऱ्याशिवायची ताकद साधारण १२ ते २५ किलोपास्कल असते. आकडे शेजारी ठेवले की काठ का बसतो ते दिसतं.

इथं एक बारकावा आहे, आणि तो चांगल्या चांगल्या अहवालांत सुटलेला असतो. पाणी उतरताना काठावरचा भारही कमी होतो. संपृक्त, म्हणजे छिद्रं पाण्यानं पूर्ण भरलेल्या, मऊ मातीत त्या भाराबरोबर छिद्रदाबाचा काही भाग लगेच उतरतो, निचऱ्याची वाट न बघता. नुसत्या झिरपीचं विश्लेषण हे पाहत नाही, म्हणून ते आतला दाब जास्त दाखवतं. सुरक्षिततेच्या बाजूनं चूक झाली असं म्हणून ती सोडून देऊ नका. काठाला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, किती लागेल, बांधाचा उतार किती ठेवायचा, हे त्याच आकड्यावरून ठरतं आणि खर्चही त्यावरच. दोन्ही समीकरणं एकत्र सोडवलीत तर दाब निचऱ्याशिवाय जराही न उतरणं आणि भाराबरोबर पूर्ण उतरणं, या दोन टोकांच्या मध्ये खरा दाब कुठं आहे ते कळतं.

खरा काठ एकजिनसी नसतो हेही सांगायला हवं. उसाची मुळं, खेकड्यांची बिळं, उन्हाळ्यातल्या भेगा आणि मध्येच एखादा वाळूचा थर. भेगांतून पाणी आत लवकर शिरतं आणि वाळूच्या थरातून लवकर निघतं. वरचे १० सेंटिमीटर हे भेग नसलेल्या मातीचं उत्तर आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की वरच्या अंगाची पातळी झपाट्यानं उतरते. गणित हेच, आणि हा प्रसंग पुरासारखा धोक्याचा नसल्यामुळं मोजमापाला सोयीचा.

बाउंडरी कंडिशन कुठं चुकते?

प्रत्येक कडेला दोन अटी लागतात, एक जाळ्यासाठी आणि एक पाण्यासाठी. मुलं बहुधा एकच देतात आणि दुसरी सॉफ्टवेअर आपल्या मनानं घेतं. पाण्याखालच्या काठावर छिद्रदाब दिला, पण त्याच पाण्याचा बाहेरून येणारा भार द्यायचं राहिलं, ही चूक सर्रास होते. मग मॉडेलमधला काठ पूर चढतानाच फुगून बाहेर येतो. असं दिसलं की आधी हेच तपासा.

पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या उताराची अट अवघड आहे. तिथून पाणी बाहेर झिरपत असेल तर दाब शून्य. झिरपत नसेल तर प्रवाह शून्य आणि दाब शून्य किंवा ऋण. मेशच्या कोणत्या नोडवर (सांध्यावर) कोणती अट लागू, हे दर स्टेपला, म्हणजे वेळेच्या प्रत्येक टप्प्याला, नव्यानं ठरवावं लागतं. सरसकट सगळ्या उतारावर दाब शून्य ठेवला तर कोरडा काठ हवेतून पाणी ओढून घेताना दिसेल.

एककांचा फार गोंधळ होतो.

होतो, कारण तीन शाखा तीन वेगळ्या राशी वापरतात. सिव्हिलवाले मीटर प्रति सेकंद सांगतात. बायोमेकॅनिक्सच्या निबंधांत मीटरचा चौथा घात प्रति न्यूटन-सेकंद असतं. तेल आणि खडकवाले चौरस मीटर किंवा डार्सी हे एकक. पहिल्याला ९८१० नं भागलं की दुसरी मिळते, दुसरीला पाण्याच्या श्यानतेनं (दाटपणानं), म्हणजे ०.००१ पास्कल-सेकंदनं गुणलं की तिसरी. वरच्या मातीसाठी हे आकडे अनुक्रमे १० चा उणे ९, उणे १३ आणि उणे १६ घात असे येतात. भिंतीवर चिकटवून ठेवा. एका जागी चूक झाली तर उत्तर हजारपट किंवा दहा हजारपट फिरतं, आणि चित्र मात्र सुंदरच दिसतं.

पहिल्या काही टाइम स्टेपमध्ये दाब वरखाली उड्या मारतो. स्टेप आणखी लहान केली तर जास्तच बिघडतं. का?

कारण स्टेप लहान करणं हाच इथला रोग आहे. भार टाकल्यावर अगदी पहिल्या क्षणी निचऱ्याच्या कडेलगत दाब एकदम पडतो, तिथून आत मात्र जसाच्या तसा असतो. ही पडझड मेशच्या एका घटकापेक्षा अरुंद असेल तर मेश ती पकडू शकत नाही आणि दाब करवतीच्या दात्यांसारखा होतो. व्हर्मीर आणि व्हरुइट यांनी १९८१ मध्ये यासाठी खालची मर्यादा दिली. एका दिशेतले साधे रेषीय घटक आणि पूर्ण इम्प्लिसिट पद्धत (प्रवाह स्टेपच्या शेवटच्या दाबावरून काढणारी) असेल तर टाइम स्टेप निदान इतकी हवी: घटकाच्या लांबीचा वर्ग, भागिले गुणांकाची सहापट.

आपल्या मातीसाठी १० सेंटिमीटरचा घटक घेतला तर ही मर्यादा सुमारे १५ तास येते. पुराच्या प्रश्नात तासातासाचं उत्तर हवं असेल तर हा मेश कुचकामी. कडेलगत १ सेंटिमीटरचे घटक घ्या. मर्यादा शंभरपट घटून नऊ-सव्वानऊ मिनिटांवर येते. सगळीकडं बारीक मेश नको, निचऱ्याच्या कडेला पुरे.

उड्या सगळ्या मेशभर, बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसत असतील तर कारण वेगळं आहे. विस्थापन आणि दाब दोन्हींसाठी सारख्याच पातळीचे घटक घेतलेले असतात. विस्थापनाला वर्गीय आणि दाबाला रेषीय घटक घ्या. टेलर-हूड नावाची ही जोडी या रोगावर हमखास लागू पडते.

दोन्ही समीकरणं एकदम सोडवू की आळीपाळीनं?

प्रोजेक्टच्या आकाराचं मॉडेल असेल तर एकदम. मोठ्या मॉडेलसाठी आळीपाळीच्या पद्धती आहेत, पण त्यातली प्रत्येक भरवशाची नाही. प्रवाह सोडवताना विकृतीचा वेग गोठवून ठेवला तर मऊ पदार्थात उत्तर भडकू शकतं. एकूण सरासरी ताण गोठवणारी फिक्स्ड-स्ट्रेस पद्धत स्थिर राहते. आळीपाळी करायचीच असेल तर ती घ्या.

माझं मॉडेल बरोबर आहे हे परीक्षकांना कसं पटवून देऊ?

आधी स्वतःला पटवा. दोन कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली टर्झागींचा स्तंभ. वेळेला गुणांकानं गुणून निचऱ्याच्या अंतराच्या वर्गानं भागा. हा आकडा ०.१९७ झाला की ५० टक्के खचणं पूर्ण व्हायला हवं, ०.८४८ ला ९० टक्के. सुरुवातीचं खचणं वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढायला हवं. कोडमधली ढोबळ चूक इथंच सापडते.

दुसरी मँडेल यांची, १९५३ ची, आणि मला ती फार आवडते. दोन ताठ, पाणी न सोडणाऱ्या पाट्यांमध्ये मऊ सच्छिद्र ठोकळा दाबायचा, पाणी फक्त बाजूंनी निघू द्यायचं. मधोमध दाब किती? सहज वाटतं की भार टाकल्या क्षणी सर्वांत जास्त आणि मग उतरत जाणारा. प्रत्यक्षात मध्यावरचा दाब आधी आणखी वाढतो आणि नंतर उतरतो. कडांचं पाणी आधी निघाल्यामुळं कडा भार पेलायला कमी पडतात, पाट्या ताठ असल्यानं तो भार मधल्या भागावर सरकतो. नुसत्या झिरपीच्या, म्हणजे विसरणाच्या, समीकरणातून ही वाढ कधीच निघत नाही. तुमच्या आलेखात ती आली तर दोन्ही समीकरणं खरोखर एकमेकांशी बोलताहेत. तोंडी परीक्षेला हा एक आलेख घेऊन जा.

पदार्थ खूपच दबत असेल तर? माझा प्रोजेक्ट प्रेसमडवर आहे.

मग साधा बायोट सोडावा लागेल. विकृती काही टक्क्यांत असेपर्यंत तो ठीक. पदार्थ पाव-निम्मा दबू लागला की भूमिती बदलते, निचऱ्याचं अंतर बदलतं आणि पारगम्यता तर कोसळतेच. कोझेनी-कारमन सूत्रात पारगम्यता सच्छिद्रतेच्या घनाच्या प्रमाणात आणि घन भागाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. सच्छिद्रता ०.८ वरून ०.६ वर आली की ती जवळजवळ साडेनऊपट घटते. स्वतः करून बघा.

याचा परिणाम फिल्टरवर दिसतो. कापडालगतचा थर आधी निचरतो, म्हणून आधी दबतो आणि तोच पुढच्या पाण्याची वाट अडवतो. दाब दुप्पट केला तरी रस दुप्पट मिळत नाही. साखर कारखान्यात रोटरी व्हॅक्यूम फिल्टरवर जाणाऱ्या गाळात बगॅसिलो, म्हणजे उसाचा बारीक भुसा, मिसळतात तो याचसाठी. तो जाळ्याला ताठपणा देतो आणि वाटा उघड्या ठेवतो. कारखान्यातल्या अनुभवी माणसाला हे समीकरणाशिवाय माहीत असतं. तुम्ही त्याच्याशी आधी बोला, किती भुसा टाकल्यावर फरक पडतो ते विचारा, मग मॉडेलमध्ये पारगम्यता आणि ताठपणा दोन्ही भुशाच्या प्रमाणाशी जोडा.

दह्याचं किंवा पनीरचं जाळं भार नसतानाही आपणहून आकसत राहतं, त्यामुळं तिथं त्यासाठी वेगळं पद लागतं.

उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानाला हेच लागू आहे का?

नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या काळ्या जमिनीत मे महिन्यात छिद्रांत पाण्याबरोबर हवाही असते आणि छिद्रदाब ऋण असतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती अवस्थाच हवा आणि पाणी दोन्ही असण्याची. तिथं पारगम्यता ओलाव्यावर ठरते आणि रिचर्ड्स यांच्या १९३१ च्या समीकरणाकडं जावं लागतं. त्यात काळ्या मातीतली खनिजं पाणी शोषून स्वतः फुगतात. पदवीच्या प्रोजेक्टला हा प्रश्न पेलणार नाही, पावसाळ्यातली संपृक्त माती घ्या.

बायोमेडिकलवाल्यांनी यातलं काय घ्यावं?

जवळजवळ सगळं. कूर्चेचा ताठपणा १० लाख पास्कल आणि पारगम्यता बायोमेकॅनिक्सच्या एककात १० चा उणे १५ घात धरा. २ मिलिमीटर जाडीला निचऱ्याचा वेळ येतो ४००० सेकंद, तासाहून जास्त. पाऊल पडतं सेकंदाला एक. म्हणजे ज्योतिबाचा डोंगर चढताना प्रत्येक पावलाचा बहुतांश भार कूर्चेतल्या पाण्याचा दाब उचलतो, तंतूंचं जाळं नाही. कूर्चा झिजली की पारगम्यता वाढते, दाब टिकत नाही आणि भार तंतूंवर येतो. व्हॅन मोव आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेली बायफेजिक थिअरी, म्हणजे घन जाळं आणि पाणी असे दोन भाग धरणारी, वाचा. तिचा रेषीय भाग बायोटशी जुळतो.

सॉफ्टवेअर कोणतं?

एका दिशेचा प्रश्न पायथनमध्ये स्वतः लिहा, पन्नासेक ओळी पुरतात. पुढं फेनिक्स आणि कूर्चेसाठी फेबायो फुकट मिळतात. प्लॅक्सिस, अबॅकस, कॉमसोल ही विकतची, कॉलेजच्या लॅबमध्ये असतील तर वापरा.

आमच्या वडिलांच्या क्षारपड रानात सच्छिद्र पाइपचा निचरा टाकायचा आहे. पाइपांतलं अंतर मॉडेलवरून सांगता येईल का?

अंदाज देता येईल, आणि हा अंदाज फार कामाचा आहे. पाणीपातळी उतरायला लागणारा वेळ पाइपांतल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर निम्मं केलं तर वेळ ढोबळमानानं पावपट, पाइपाचा खर्च मात्र सुमारे दुप्पट. हा हिशेब वडिलांसमोर मांडा, ते लगेच समजून घेतील.

पण पारगम्यता पुस्तकातून उचलू नका. ती रानातच मोजा: ऑगरनं, म्हणजे मातीत भोक पाडायच्या गिरमिटानं, पाणीपातळीच्या खालपर्यंत भोक घ्या, पाणी उपसा, ते किती वेगानं परत चढतं ते नोंदवा. एकाच एकरात चार ठिकाणी चार आकडे येतील. प्रयोगशाळेतल्या लहान नमुन्यात भेगा आणि मुळांच्या वाटा येत नाहीत, म्हणून तिथला आकडा रानातल्यापेक्षा बराच कमी निघतो. आणि क्षार धुऊन निघणं हा दाबापेक्षा वेगळा, त्याहून संथ प्रश्न आहे. पातळी उतरली म्हणजे जमीन सुधारली असं घरच्यांना सांगू नका.

काठावर मोजमाप घ्यायचं असेल तर कधी आणि काय?

पावसाच्या आधी, मे अखेरीला पिझोमीटर, म्हणजे छिद्रदाब मोजायची उपकरणं, बसवून घ्या. काठापासून आत जाणाऱ्या एका ओळीत तीन, खोली वेगवेगळी. चिकणमातीत उघड्या नळीचा पिझोमीटर ठेवू नका: नळी भरायलाच इतकं पाणी आणि इतका वेळ लागतो की आकडा मागं पडतो, व्हायब्रेटिंग वायरचा, म्हणजे तारेच्या कंपनांवरून दाब सांगणारा, घ्या. नदीची पातळी आणि छिद्रदाब एकाच घड्याळावर नोंदवा, चढतानाही आणि उतरतानाही. पूर असताना काठावर कुणी जायचं नाही, डेटा लॉगर वर सुरक्षित जागी हवा. पाणी उतरल्यावरही निदान दोन आठवडे नोंदी चालू ठेवा, कारण आपल्याला हवा असलेला दाब त्या दिवसांतलाच आहे.